झडप बसविली, पुढे काय?

हृदयाचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, पेशंट स्वतःच्या पायांनी घरी आला, की आपण सारे सुटकेचा निःश्वास टाकतो आणि विषय संपला असे मानतो. आम्हीही तसेच मानले. एक-दोन नव्हे, तब्बल सात वर्षे मानले. म्हणून यावेळी या सदरात आमच्याच घरातील हकीकत सांगण्याचे ठरविले आहे. जिची हकीकत आहे तिला विचारूनच लिहीत आहोत. "नाव घालू नका मामा, बाकी सगळं लिहा," असे तिने सांगितले आहे.

ती आमच्या थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी. अकरा वर्षांची असताना तिचे गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटे. एक सांधा उतरला की दुसरा धरायचा. त्याआधी पंधरा-वीस दिवस घसा दुखत होता. तो मीठपाण्याच्या गुळण्यांवर निभावून नेला. सांधे आपोआप मोकळे झाले तेव्हा आक्का म्हणाली, वारं होतं, गेलं. ते वारे नव्हते. घशात शिरलेल्या स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंशी लढता लढता शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर तुटून पडते, त्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे बरे होतात. झडपेला मात्र वण राहतो, आणि ताप पुन्हा पुन्हा आला की वणावर वण चढत जातो. हा आजार श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. तो उरला आहे तो दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे झोपतात तिथे. वेळेवर ओळखले तर दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे एक इंजेक्शन, एवढ्यावर झडप वाचू शकते. आमच्या भाचीचे कुणी ओळखले नाही. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागलो होतो, वस्तीत अभ्यासिका चालवीत होतो, आणि आमच्या घरातली पोरगी लंगडत शाळेत जाते हे आम्हाला दिसत असूनही दिसले नाही.

एकोणिसाव्या वर्षी तिला जिना चढवेना. इको झाली. हृदयाच्या डावीकडील दोन कप्प्यांच्या मधली झडप, जिला मायट्रल म्हणतात, ती आखडलीही होती आणि गळतही होती. नुसती आखडली असती तर फुगा घालून रुंद करता आली असती. गळती जास्त म्हणून तो मार्ग बंद. २०१४ साली, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेतून, मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला कृत्रिम झडप बसविण्यात आली.

आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत अकाउंट्सच्या टेबलावर बसणारे. त्यामुळे वस्तीत कसलीही वर्गणी निघाली की वही आपसूक आमच्याकडे येते. ऑपरेशनचा खर्च योजनेतून भागणार होता; पण बाहेरच्या तपासण्या, येणेजाणे, जेवणखाण, वरचा खर्च यांसाठी वर्गणी काढली. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी पन्नास-पन्नास रुपये आणून दिले. जमा ३८,६०० रुपये, खर्च ३४,३५० रुपये, शिल्लक ४,२५० रुपये. ती घरी आल्यावर समाज मंदिरात सभा झाली. आम्ही हिशेब वाचला, टाळ्या झाल्या, आणि शिल्लक रकमेतून समाज मंदिराला दोन पंखे घ्यावेत असा ठराव एकमताने मंजूर झाला. ठराव आम्हीच लिहिला. पंखे अजून चालू आहेत.

रुग्णालयातून मिळालेले कार्ड तीन पानांचे होते, सगळे इंग्रजीत. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती : आयएनआर अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवणे. आमचे इंग्रजी काही अगदीच कच्चे नाही. कचेरीचा निम्मा पत्रव्यवहार त्याच भाषेत चालतो. आम्ही ती ओळ वाचली, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि आक्काच्या हाती दिले. आयएनआर म्हणजे काय, हे विचारले नाही. वॉर्डात गर्दी होती, खाट पुढच्या पेशंटसाठी रिकामी करायची होती, डॉक्टर घाईत होते, आणि आम्हाला गाडी पकडायची होती.

आज जे कळते ते तेव्हा कळायला हवे होते. ते इथे सविस्तर सांगतो, कारण आपल्या वाचकांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात असे कार्ड पिशवीत पडून असेल.

कृत्रिम झडप ही काही जुनी गोष्ट नाही. १९६० साली अमेरिकेत ओरेगॉन राज्यात अल्बर्ट स्टार हे सर्जन आणि लॉवेल एडवर्ड्स हे निवृत्त इंजिनिअर यांनी पिंजऱ्यात गोळा बसवावा तशी झडप तयार केली. पहिली रुग्ण काही तासांतच गेली. दुसरा मात्र सुमारे दहा वर्षे जगला, आणि मेला तो हृदयाने नव्हे, तर घराला रंग देताना शिडीवरून पडून. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने झडप बनविण्याचा ध्यास घेतला. तीन नमुने फसले. चौथा नमुना ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसविला गेला. परदेशी झडपेपेक्षा स्वस्त असलेली ही चित्रा झडप त्यानंतर एक लाखाहून अधिक लोकांना बसली आहे. सगळ्यांचेच नशीब असे नव्हते. ब्यॉर्क-शायली नावाच्या एका झडपेचा एक नमुना जगभरात सुमारे ८६ हजार लोकांना बसविला गेला होता. तिच्यातील तबकडी धरून ठेवणारी तारेची कडी जोडाच्या ठिकाणी तुटू लागली. तुटली की तबकडी निसटते आणि माणूस बहुधा वाचत नाही. १९८६ साली ती बाजारातून काढून घ्यावी लागली. झडप स्वतः मोडणे आता फारच दुर्मिळ झाले आहे. हल्ली बिघडते ते झडपेच्या आजूबाजूला, आणि बरेचसे रुग्णालयाच्या बाहेर, आपल्या घरात.

कारण असे की रक्ताला परका पदार्थ खपत नाही. झडप कार्बनची असो वा धातूची, तिला स्पर्श झाला की रक्त तिथे गोठू पाहते. म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी, वॉरफारिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी असिट्रॉम, जन्मभर. या गोळीची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिका आणि कॅनडात कुजलेले गवत खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल लिंक यांनी त्या गवतातील दोषी द्रव्य शोधून काढले. त्याच कुळातले वॉरफारिन १९४८ मध्ये आधी उंदराचे विष म्हणून विकले गेले आणि १९५४ मध्ये माणसाचे औषध झाले. आमच्या वस्तीतील एका शिकलेल्या मुलाने ही अर्धीच हकीकत कुठेतरी वाचली आणि "तुमच्या ताईला उंदराचे औषध देतात" म्हणून आक्काची झोप उडविली होती. खरे तेवढेच सांगितले, पण अर्धे सांगितले.

ही गोळी कुणाला किती लागेल याचा नेम नाही. म्हणून दर महिन्याला रक्त तपासून तो आयएनआर नावाचा आकडा काढायचा. पूर्वी एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नसे. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा सर्वत्र एकच अर्थ असलेला आकडा स्वीकारला. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसात तो साधारण एक असतो. मायट्रलच्या जागी कार्बनची झडप असेल तर बहुधा अडीच ते साडेतीन लागतो; महाधमनीच्या तोंडाशी असेल तर थोडा कमी चालतो. खाली घसरला तर झडपेवर गुठळी. फार वर चढला तर नाकातून, हिरड्यांतून, लघवीवाटे रक्त, आणि वाईट घडले तर मेंदूत. इकडे आड, तिकडे विहीर. अंगदुखीची साधी ब्रुफेनसारखी गोळी घेतली तरी रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिनने गोळीचा जोर उतरतो. गावठी चूर्णांत काय असते ते देणाऱ्यालाच ठाऊक. पालेभाजी बंद करा असे लोक सांगतात, तेही चूक. मेथी, पालक, चाकवत नेहमी बेताने खाल्ले तर डॉक्टर त्या हिशेबाने गोळी बसवितात. महिनाभर काही नाही आणि मग हंगामात रोज टोपलीभर, हे मात्र चालत नाही. अलीकडे रक्त पातळ करण्याच्या काही नव्या गोळ्या निघाल्या आहेत, ज्यांना महिन्याची तपासणी लागत नाही. पण डाबिगाट्रान या नव्या गोळीची यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर चाचणी घेतली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती चाचणी थांबवावी लागली. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. तेव्हा कुणी "ही नवी गोळी घ्या, तपासणीची कटकट नाही" असे सुचविले तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे.

पहिली चार वर्षे आक्काने गोळी चुकू दिली नाही. आयएनआर म्हणजे काय हे तिलाही माहीत नव्हते. पण महिन्याला रक्त द्यायचे आणि चिठ्ठीवर लिहितील तेवढी गोळी द्यायची, एवढे तिने धरून ठेवले. रात्री शांत झाले की पोरीच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची. धाकटा भाऊ म्हणायचा, ताईने घड्याळ गिळलंय.

२०१८ मध्ये तिचे लग्न झाले, परभणी जिल्ह्यातील एका गावी. आम्ही लपवाछपवी केली नाही. ऑपरेशन झाले आहे हे बैठकीत स्पष्ट सांगितले. "आता बरी आहे, एक गोळी असते फक्त," हे शब्द आमचेच. मुलाकडची माणसे भली. त्यांनी मान डोलावली. पण 'एक गोळी' म्हणजे महिन्यातून एकदा एसटीने परभणीला जाणे, एक दिवसाची मजुरी बुडणे, तपासणीचे अडीचशे रुपये, वर भाडे, आणि हे सारे जन्मभर, असा हिशेब कुणी मांडला नव्हता. हिशेब मांडणे हाच ज्याचा धंदा, त्या मामानेही नाही.

२०१९ मध्ये तिला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. सासूबाई म्हणाल्या, गोळीनेच लेकरू गेलं. आम्ही त्यांना मनातल्या मनात अडाणी ठरविले. पुढे डॉक्टरांकडून कळले की त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गर्भाच्या पहिल्या महिन्यांत ही गोळी बाळाला बाधू शकते, गर्भपाताचा संभवही वाढतो. आणि गोळी थांबवावी तर आईच्या झडपेला धोका. म्हणून अशा बाईने दिवस राहण्याच्या आधीच हृदयाच्या डॉक्टरांना भेटायचे असते. काही काळ हेपरिनची इंजेक्शने द्यायची की काय करायचे ते ठरवावे लागते. हे लग्नाच्या बैठकीतच बोलायला हवे होते. आपल्याकडे अशा बैठकीत मानपानावर दोन तास जातात.

मग २०२० चा मार्च. एसटी बंद, परभणी बंद, तपासणी बंद. गोळी मिळाली तर मिळाली. नोव्हेंबरात कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून तिने दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या, आणि त्या महिन्याची पाळी बारा दिवस थांबेना. गावातल्या डॉक्टरांनी सांगितले, रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद ठेवा. पुन्हा कधी सुरू करायची हे त्यांनी सांगितले नाही आणि कुणी विचारले नाही. रक्त थांबले, अंगात जरा जोर आला, गोळीचा डबा फडताळात गेला. "बघ, गोळी नाही तर कशी बरी आहेस," असे घरात सगळेच म्हणाले, आणि दिसतही तसेच होते.

डिसेंबरात तिने आम्हाला फोन केला होता. "मामा, गोळी थोडे दिवस नसली तर चालती का?" आम्ही कचेरीत होतो, महिनाअखेर होती, समोर व्हाउचरचा ढीग होता. "डॉक्टरांना विचार बाई," असे सांगून फोन ठेवला. त्या रात्री आठवण झाली, पण उशीर झाला होता म्हणून उलट फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिला रात्री आडवे होता येईना. उशा लावून बसून राहायची. जावई सांगतात, "मला दम लागलेला कळला नाही मामा, ती बोलली नाही. पण घड्याळ ऐकू येत नव्हतं."

जीप करून तिला तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला नेले. आम्ही रात्रीच्या गाडीने पोचलो. डॉक्टरांनी एक्स-रेच्या पडद्यावर हलते चित्र दाखविले. तिची झडप दोन अर्धचंद्र पाकळ्यांची. एक पाकळी उघडझाप करीत होती. दुसरी हलत नव्हती. फुप्फुसात पाणी भरले होते. गुठळी विरघळविण्याचे स्ट्रेप्टोकायनेज सुरू करायचे म्हणून सही हवी होती. विरघळताना तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू, हेही त्यांनी सांगितले. जावयांनी सही केली. हात थरथरत होता, म्हणून सही त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही आणि नर्सने दोनदा विचारले, तुमचीच ना?

औषधाने पाकळी निम्मी हलू लागली, श्वास सुधारला. पण पुरती मोकळी होईना. गुठळीखेरीज झडपेच्या कडेने शरीराने स्वतःचे मांस चढविले होते. ते औषधाने विरघळत नाही. त्याचा दोष गोळीकडे नाही आणि सासूबाईंकडेही नाही. काही पेशंटना ते होते. झडप बदलण्याला पर्याय उरला नाही. तिला रुग्णवाहिकेने मुंबईला आणले.

दुसऱ्यांदा छाती उघडणे म्हणजे पहिल्यासारखे नव्हे, हे सर्जननी कागदावर चित्र काढून समजाविले. पहिल्या वेळी छातीचे मधले हाड कापून तारांनी शिवलेले असते. आत सगळे जखडून गेलेले असते आणि हृदय त्या हाडाला मागून चिकटलेले असू शकते. तारा कापून करवत चालविताना तीच करवत हृदयाला लागण्याची भीती. म्हणून जांघेतील रक्तवाहिन्या आधीच मोकळ्या करून यंत्र तयार ठेवतात. मग चिकटलेला भाग सोडवीत सोडवीत झडपेपर्यंत जायचे, जुनी झडप टाके कापून काढायची, आणि त्याच खरवडलेल्या कड्यावर नवी शिवायची. रक्त जास्त लागते, वेळ जास्त लागतो, जोखीम जास्त. पहिले ऑपरेशन चार तास चालले होते. हे नऊ तास चालले.

पण त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगायची आहे. डॉक्टरांनी विचारले, नवी झडप कोणती घालू? यांत्रिक घातली तर ती कदाचित जन्मभर टिकेल, पण गोळी आणि तपासणी जन्मभर. जनावराच्या ऊतीपासून केलेली घातली तर सहा महिन्यांनी ती गोळी बंद करता येईल, कारण तिच्या हृदयाचा ठोका नियमित आहे. मूल होऊ देणेही सोपे जाईल. परंतु ती झडप झिजते. साठीच्या माणसात पंधरा वर्षेही निघतात, पण तरुण शरीरात तिच्यात चुना लवकर साचतो. दहा वर्षे म्हणा, कदाचित कमी. म्हणजे तिसरे ऑपरेशन ठरलेलेच.

आम्ही लगेच म्हणालो, यांत्रिकच घाला. आम्ही आहोत, या वेळी गोळी चुकू देणार नाही. आक्काही तेच म्हणाली. जावई गप्प राहिले.

ती म्हणाली, "मामा, लोखंडाच्या झडपेला रोज गोळी लागते. गोळी माझ्या हातात नाही."

एवढेच. कुणावर आळ नाही, रडणे नाही. पैसे तिच्या हातात नव्हते, परभणीला जायचे की नाही हे तिच्या हातात नव्हते, वेचणीला जायचे की नाही हेही नव्हते. आम्ही वीस वर्षे स्त्रियांच्या प्रश्नांवर व्याख्याने आयोजित केली आहेत. त्या खाटेशी उभे राहून आम्हाला बोलायला एक शब्द सुचला नाही. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले आणि कागदावर तिने सांगितले तेच लिहिले.

झडप गाईच्या हृदयाच्या आवरणापासून केलेली आहे हे कळल्यावर वस्तीत थोडी कुजबुज झाली. आक्काने ती एका वाक्यात बंद केली : "माझी लेक जिती हाय का नाय, तेवढं बघा."

फेब्रुवारी २०२१ मध्ये ती दुसऱ्यांदा घरी आली. सभा झाली, पण टाळ्या झाल्या नाहीत. आम्ही २०१४ ची वही काढली आणि तो ठराव मोठ्याने वाचला. शिल्लक ४,२५० रुपये, तपासणी अडीचशे रुपये. म्हणजे त्या दोन पंख्यांत सतरा महिन्यांच्या तपासण्या होत्या. कुणीतरी वर पाहिले. एक म्हातारे गृहस्थ रागावले, पंखे काय चोरीचे आहेत का? चोरीचे नव्हते. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक आम्ही एस.वाय.ला शिकलो होतो. यंत्र घेणे हा एकदाचा खर्च, ते चालू ठेवणे हा दरवर्षीचा. ज्याने दुसरा धरला नाही त्याचे पुस्तक खोटे. आपण वर्गणी ऑपरेशनला काढतो. गोळीला कोणी काढत नाही, कारण गोळीचा फोटो येत नाही.

त्या सभेतून एक नवी वही सुरू झाली. आमच्या आणि शेजारच्या दोन वस्त्यांतील झडप बसविलेल्या लोकांची नावे तिच्यात आहेत. वाटले होते एक-दोन निघतील, निघाले सात. प्रत्येकाची तपासणीची तारीख, आकडा, गोळी किती मिलिग्रॅमची आणि किती, असे रकाने आहेत. दोन जणांना तर औषधाच्या दुकानातून एकची दोन मिलिग्रॅमची पट्टी दिली गेली होती, रंग वेगळा म्हणून लक्षात आले. गोळी हातावेगळी करण्यापूर्वी पट्टीवरचा आकडा वाचण्याची सवय आम्ही सगळ्यांना लावतो आहोत. योजनेचेही सांगतो. हीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते, आणि २०२४ पासून तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये झाली. तिच्यात काही ऑपरेशनांनंतरच्या फॉलो-अपचीही सोय आहे. आपल्या पेशंटला ती लागू आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला घरी जाण्यापूर्वी विचारावे. २०१४ मध्ये तो टेबल आमच्यापासून दहा पावलांवर होता.

सातांपैकी एक नाव आम्ही खोडले आहे. रिक्षा चालविणारे गृहस्थ होते, झडप उत्तम चालत होती, आयएनआर नेमका. दाढ दुखली म्हणून काढून घेतली. झडप बसविली आहे हे दातांच्या डॉक्टरांना सांगितले नाही. दाताशी झडपेचा काय संबंध, असे त्यांना वाटले, आणि कुणालाही वाटेल. तोंडातले जंतू जखमेतून रक्तात शिरतात आणि कृत्रिम झडपेवर बसतात. म्हणून दाढ काढण्याच्या साधारण तासभर आधी अँटिबायोटिकची मोठी मात्रा घ्यायची असते. त्यांना पुढे तीन आठवडे बारीक ताप येत राहिला. आधी मलेरियाचे, मग टायफॉइडचे औषध झाले. रक्तातले जंतू तपासले तोवर झडप कडेने सुटली होती. दुसरे ऑपरेशन झाले, पण ते उठले नाहीत. झडपेच्या पेशंटला चार दिवसांवर ताप राहिला की कोणतेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करा असे सांगायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे. त्यांच्यामुळे लिहिले आहे.

भाचीची हेपरिन-असिट्रॉमची कटकट आता नाही. ॲस्पिरिन आहे, आणि दर २१ दिवसांचे पेनिसिलीन आहे. झडप बदलली तरी घशाचा जंतू बदलत नाही, ते इंजेक्शन चालूच ठेवावे लागते. २०२३ मध्ये तिला मुलगी झाली. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, हृदयाचे डॉक्टर दारात उभे. सासूबाई आता तिला इंजेक्शनला स्वतः घेऊन जातात, तारीख कॅलेंडरवर त्यांनीच गोल करून ठेवलेली असते.

झडपेचा घसारा मात्र चालूच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पोस्टात तिच्या नावाने पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडले. महिन्याला हजार रुपये, पाचशे आमचे, पाचशे ती मजुरीतून पाठविते. मुदत संपली की पुन्हा काढायचे ठरले आहे. पुढच्या वेळी पायाच्या शिरेतून जुन्या झडपेच्या आतच नवी झडप बसविता येईल, छाती उघडावी लागणार नाही, अशी आशा डॉक्टर दाखवितात. आज ती सोय थोड्याच ठिकाणी आहे आणि खर्च आमच्या खात्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. मागच्या इकोत त्यांनी 'थोडी गळती' असा शब्द वापरला. ती घाबरली नाही. तिने विचारले, किती म्हणजे थोडी, आणि मराठीत लिहून द्या म्हणाली. त्यांनी लिहून दिले.

वहीतील सहाही नावांची या महिन्याची तपासणी व्हायची आहे. चौघांची झाली. एकाची उद्या आहे. एका बाईंचा फोन लागत नाही. घर बदलले असे शेजारी सांगतात. रविवारी जाऊन बघून येणार आहोत.